लिफ्टमधलं रडणं

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या नव्या मालिकेचा आराखडा मिळाला. दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. चॅनेलनं तारीख दिली आहे, तुला घाई आहे, हे ठाऊक आहे. तरी हे पत्र सावकाश वाच.

पहिल्याच पानावर तू लिहिलं आहेस की लोकांना भुताच्या मालिका आवडतात आणि हॉस्पिटलच्याही आवडतात, म्हणून दोन्ही एकत्र आणायच्या. हा हिशोब मला पटला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं धरलंस, तिथेच चूक झाली. हॉस्पिटलात भूत बाहेरून आणावं लागत नाही. रात्री तीन वाजता आपल्या माणसाच्या उशाशी बसलेल्या कुणालाही विचार. समोरची खाट दुपारी रिकामी झाली, संध्याकाळी तिच्यावर नवी चादर आली आणि रात्री तिथे दुसरं कुणी कण्हतंय. याआधी इथे कोण होतं, हा प्रश्न मनात येतोच. तो कुणी बोलून दाखवत नाही. आपल्या या प्रकारच्या मालिकेचा जन्म त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

‘रीगेट’ ही डॅनिश मालिका पाहा असं मी वर्गात सांगितलं होतं. तू पाहिली नसावीस. पाहिली असतीस तर पहिल्या भागात सात वेळा दचकवण्याची योजना केली नसतीस. म्हणून थोडं तपशिलानं सांगते.

१९९४ साली डेन्मार्कच्या सरकारी दूरचित्रवाणीवर ही मालिका आली. दिग्दर्शक लार्स फॉन ट्रीअर यांची. मॉर्टन आर्नफ्रेड सहदिग्दर्शक, नील्स वोर्सेल सहलेखक. पहिल्या हंगामाचे भाग फक्त चार. त्याच वर्षी अमेरिकेत ‘ईआर’ ही हॉस्पिटलचीच मालिका सुरू झाली आणि पंधरा हंगाम चालली. स्ट्रेचरमागे धावणारा कॅमेरा, एका दमात बोललेली औषधांची नावं, हे सगळं जगानं तिच्याकडून उचललं. तुझ्या आराखड्यातही ते आहे. ‘रीगेट’चा कॅमेरासुद्धा हातात धरलेला, पण तो रुग्णाला वाचवायला धावत नाही, तो इमारतीत वाट चुकल्यासारखा फिरतो. चित्र पिवळट तपकिरी, जुन्या कागदाला डाग पडावा तसं. एका शॉटमध्ये माणूस डावीकडे पाहतोय, पुढच्यात उजवीकडे. संकलनाचे जे नियम मी तुम्हाला घोकून घेतले, ते तिथे सर्रास मोडले आहेत. पाहणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी बिघडलंय हे पहिल्या पाच मिनिटांत अंगात भिनतं. भूत तोवर दिसलेलंही नसतं.

आता जागा. कोपनहेगनमधलं रिग्सहॉस्पिटलेट हे खरं, चालू हॉस्पिटल आहे. लोक त्याला बोलीत ‘रीगेट’च म्हणतात, म्हणजे ‘राज्य’. १९१० साली ते ब्लायडम्सवाय या रस्त्यावर आलं. पूर्वी त्या भागात कापड धुऊन उजळवायची तळी होती आणि रस्त्याच्या नावात ती आजही शिल्लक आहेत. मालिकेचा प्रत्येक भाग त्या तळ्यांपासून सुरू होतो. वाफेत वाकलेली माणसं, ओलं कापड, आणि मग त्याच जमिनीवर उभी राहिलेली, विज्ञानाची खात्री बाळगणारी काँक्रीटची इमारत. लेखकांनी भूत कल्पनेतून काढलं, पण जमीन कल्पनेतून काढली नाही, ती महानगरपालिकेच्या नकाशावरून घेतली. तुझं हॉस्पिटल कुठे आहे? तू ‘एक मोठं, जुनं हॉस्पिटल’ एवढंच लिहिलंस. ते उभं राहण्याआधी त्या जमिनीवर काय होतं, तिथे कोण राबत होतं, हे तुला माहीत हवं. पडद्यावर आलं नाही तरी चालेल.

गोष्ट अशी. श्रीमती ड्रुसे ही वयस्क बाई, आत्म्यांशी बोलणारी. खोटी दुखणी सांगून ती न्यूरोसर्जरीत दाखल होते. तिचा मुलगा तिथेच वॉर्डबॉय. एकदा लिफ्टमधून जाताना तिला एका लहान मुलीचं रडणं ऐकू येतं. ती मुलगी म्हणजे मेरी, १९१९ साली गेलेली. कागदावर तिचा मृत्यू आजारपणाचा. खरं पाहता तिच्या जन्मदात्यानं, तिथल्याच एका डॉक्टरनं, तिचं अनौरस असणं झाकायला तिला मारलं होतं. तिचा देह त्याच इमारतीत काचेच्या बरणीत नमुना म्हणून ठेवलेला आहे. इतकी वर्षं तिच्यासमोरून डॉक्टर ये-जा करत आले आणि कुणाला ती मुलगी वाटली नाही.

दुसऱ्या बाजूला डॉ. हेल्मर, स्वीडनहून आलेला सर्जन. त्यानं मोना नावाच्या मुलीची शस्त्रक्रिया बिघडवली आहे, तिचा मेंदू कायमचा अधू झाला आहे. भुलीच्या नोंदीचा एक कागद त्याच्याविरुद्ध पुरावा आहे आणि तो कागद नाहीसा करण्यासाठी त्याची धडपड चाललेली असते. पटकथा लिहिणाऱ्यानं इथे थांबून पाहावं. एक बाई जुन्या नोंदींत एका मुलीचा खरा मृत्यू शोधते आहे. एक डॉक्टर नव्या नोंदींतून एका मुलीचं खरं नुकसान पुसतो आहे. दोघांनाही हवेत ते हॉस्पिटलचे कागदच. दोन कथानकं वेगळी चाललेली वाटतात, आणि मग कळतं की मेरी आणि मोना यांच्यामध्ये पाऊणशे वर्षांचं अंतर असलं तरी गुन्हा तोच आहे. मला हे जेव्हा उमगलं तेव्हा मी टीव्ही बंद करून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

अशा मालिकेचं आकर्षण कशात आहे, असं तू मला त्या दिवशी फोनवर विचारलंस आणि मी ‘पत्रातून सांगते’ म्हणाले. माझं उत्तर हे आहे. हॉस्पिटलात बोलण्याला किंमत नसते, केसपेपरला असते. रुग्ण सांगतो ते तक्रार, डॉक्टर लिहितो ते निदान. जे लिहिलं गेलं नाही ते घडलंच नाही. हे आपण सगळ्यांनी सोसलेलं आहे. राउंडला डॉक्टर येतात, दोन मिनिटं थांबतात, आणि आपण रात्रभर जुळवून ठेवलेलं वाक्य अर्धवट राहून जातं. तशा मालिकेतलं भूत म्हणजे केसपेपरवर न चढलेली नोंद. म्हणून प्रेक्षक त्याला भितो, आणि त्याच वेळी कुणीतरी त्याचं ऐकावं म्हणून जीव टाकतो. श्रीमती ड्रुसे खोटं बोलून खाट अडवते, तरी आपण तिच्या बाजूचे होतो, कारण त्या अख्ख्या इमारतीत थांबून ऐकणारी तीच एक आहे.

माझी आई शस्त्रक्रियेनंतर अकरा दिवस हॉस्पिटलात होती. तिसऱ्या रात्रीपासून ती म्हणू लागली, ‘भिंतीपलीकडे कुणी रडतंय.’ म्हातारपणी मोठ्या शस्त्रक्रियेनंतर माणूस काही दिवस भ्रमात जातो, रात्री ते वाढतं, हे डॉक्टरांनी मला नीट समजावलं. त्यात खोटं काही नव्हतं. केसपेपरवर तसं लिहिलंही गेलं. मीही आईला ‘हो हो, झोप आता’ म्हणत राहिले. पाचव्या रात्री पाणी आणायला गेले तर पलीकडच्या खोलीत खरंच एक बाई तोंडात पदर धरून रडत होती. तिचा मुलगा आत आयसीयूत होता. तीन रात्री ती तिथे होती. आईला भ्रम झाला होता हे खरं, आणि आईनं ऐकलं होतं तेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मला तोवर कळलेलं नव्हतं. मी पाणी घेऊन परत आले, त्या बाईशी एक शब्द बोलले नाही. ते मला अजून टोचतं.

तुझा नायक, तो तरुण डॉक्टर, दर भागात म्हणतो की हे सगळं मनाचे खेळ आहेत, आणि दर भागात तोंडघशी पडतो. हे बदल. डॉक्टरला मूर्ख ठरवून भूत मोठं होत नाही. वेल्समध्ये ड्यूई रीस नावाच्या डॉक्टरांनी जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी बोलून १९७१ साली एक लेख प्रसिद्ध केला. जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्यासारखा वाटला होता, काहींना दिसला होता, काहींनी आवाज ऐकला होता. बहुतेकांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. रीस यांनी त्यांना वेडं ठरवलं नाही आणि भुताचा शिक्काही मारला नाही. विचारलं, ऐकलं, लिहून ठेवलं. असा डॉक्टर तुझ्या मालिकेत आण. त्याचा भुतावर विश्वास नसू दे, पण त्यानं खुर्ची ओढून खाटेजवळ बसावं.

आणखी एक, कळकळीनं सांगते. तुझी मालिका कुणीतरी खरोखरच हॉस्पिटलच्या खाटेवरून, मोबाइलवर पाहणार आहे. उपचार सोडा आणि मांत्रिकाकडे जा, असा अर्थ कुठल्याही प्रसंगातून निघता कामा नये. ‘रीगेट’ची लढाई औषधांशी नाही. तिचा राग लपवाछपवीवर आहे, एकमेकांना सांभाळून घेणाऱ्या डॉक्टरांच्या गुप्त मंडळावर आहे, संशोधनासाठी रोगट यकृत स्वतःच्या शरीरात बसवून घेणाऱ्या बोंडोसारख्या प्राध्यापकाच्या हट्टावर आहे.

आणि तळघर विसरू नकोस. ‘रीगेट’मध्ये खाली भांडी विसळणारे दोघं आहेत, दोघांनाही डाउन सिंड्रोम आहे. वर काय घडतंय, पुढे काय घडणार, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. ते कामावरून मान वर न करता एकमेकांशी बोलतात. वरच्या मजल्यांवर एवढी यंत्रं, एवढी पदं, आणि इमारतीला नीट ओळखणारी माणसं सिंकपाशी. माझ्या मते मालिकेतली सर्वांत सुंदर योजना हीच.

हसूही हवं. हेल्मर छतावर जाऊन समुद्रापलीकडच्या आपल्या स्वीडनकडे पाहत डॅनिश लोकांना शिव्या घालतो, तेव्हा आपण खळखळून हसतो. हसून सैल पडलेल्या प्रेक्षकाला पुढचं रडणं खोल लागतं. तुझ्या आराखड्यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कुणीही हसत नाही. खऱ्या वॉर्डमध्ये असं कधी असतं का? नाइट ड्यूटीच्या सिस्टर किती हसतात!

किती उलगडायचं, यावर थोडं. स्टीफन किंग यांनी हीच मालिका अमेरिकेसाठी ‘किंगडम हॉस्पिटल’ म्हणून लिहिली. २००४ साल, तेरा भाग, गाव मेन राज्यातलं लुइस्टन. तिथे जमिनीखाली तळी नाहीत, यादवी युद्धाच्या काळातली कापड गिरणी आहे, आणि तिच्या आगीत गेलेली कामगार मुलं. ही कल्पना मला मूळ कल्पनेइतकीच ताकदीची वाटते. शिवाय १९९९ साली स्वतः किंग यांना रस्त्यावर गाडीनं उडवलं होतं, आणि गाडीखाली आलेल्या त्यांच्या चित्रकार नायकाच्या वेदनेत ते जाणवतं. पण तेरा भाग भरायचे म्हणून गूढ फार बोलू लागतं. मुंगीखाऊच्या रूपातला मार्गदर्शक येतो, तो समजावून सांगतो, आणि समजलं की अंगावरचा काटा खाली बसतो. मालिका एका हंगामात थांबली. तुझ्याकडे वीस भागांची मागणी असेल तर भुताचे प्रसंग वाढवू नकोस, माणसं वाढव.

‘रीगेट’चा दुसरा हंगाम १९९७ साली आला. तिसरा यायचा होता, पण १९९८ साली हेल्मर साकारणारे अर्न्स्ट-हूगो येरेगॉर्ड गेले आणि २००० साली ड्रुसेबाई साकारणाऱ्या कियर्स्टन रोल्फेस. गोष्ट अर्धवट लोंबकळत राहिली. पंचवीस वर्षांनी, २०२२ साली, शेवटचे पाच भाग आले. त्यांची सुरुवात एका बाईपासून होते. तिनं जुनी मालिका पाहिलेली असते, शेवट असा सोडून दिल्याचा तिला राग असतो, आणि ती झोपेत चालत हॉस्पिटलच्या दारात येते. इतकी वर्षं एक रडणं कानात घेऊन बसलेली प्रेक्षक.

तुझ्या तिसऱ्या भागात सहाव्या मजल्यावर फरशी पुसणारी एक बाई आहे. तिला दोनच वाक्यं दिली आहेस आणि नाव दिलेलं नाहीस. ती म्हणते, ‘या खोलीतली खिडकी मी रोज लावते, सकाळी उघडी असते.’ तुझ्या चाळीस पानांत मला खरोखर शहारा आला तो या एका ठिकाणी. तिला आधी नाव दे. ती कधीपासून तिथे आहे, त्या खोलीतल्या कोणकोणत्या रुग्णांची नावं तिला अजून आठवतात, घरी जाताना ती कुठल्या जिन्यानं उतरते, ते लिही. भूत, डॉक्टर, शस्त्रक्रिया, सगळं तूर्त बाजूला ठेव. तिची दहा पानं झाली की पाठव, आणि चॅनेलवाल्यांशी मी बोलावं असं वाटत असेल तर तेही कळव, मी बोलेन.

तुझी,
बाई