थिनरच्या डब्यात आकाशगंगा सापडते का?

प्रश्न: आम्ही दोघं मित्र अकरावीत आहोत, पुठ्ठ्याला फॉइल लावून हॉर्न अँटेना (भोंग्यासारखा, पुढं रुंद होत जाणारा) करतोय, हायड्रोजनची रेषा, म्हणजे आकाशगंगेतल्या हायड्रोजन वायूतून येणारी 21 सेंमीची रेडिओ लहर, पकडायचीय. पुठ्ठ्याच्या अँटेनानं खरंच होतं का, आणि पैसे थोडेच आहेत तर कशावर घालू? (एक वाचक, सातारा)

उत्तर: होतं की. 1951 मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात यूअन आणि पर्सेल या शास्त्रज्ञांनी अवकाशातला हायड्रोजन पहिल्यांदा पकडला तोही प्लायवूडच्या हॉर्ननंच, आतून तांब्याचा पत्रा मारलेला आणि लॅबच्या खिडकीबाहेर बसवलेला. आत धातू सलग आहे ना एवढंच लागतं, बाहेर पुठ्ठा असो नाहीतर प्लाय, त्यामुळं फॉइलचे तुकडे एकमेकांवर चढवून लावा, टेप मारा, आणि हॉर्न मागच्या पत्र्याच्या डब्याला जिथं जोडता तिथं फट अजिबात नको. तोंड 75 बाय 60 सेंमी केलंत तर आकाशाचा साधारण 20 अंशांचा पट्टा दिसतो, सुरुवातीला भरपूर झालं.

मागं चौकोनी डबा लावा, थिनरचा वगैरे, रुंद बाजू 16 सेंमीच्या आसपास हवी. डबा पत्र्याचाच घ्या कारण ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही. रुंद बाजूवर, रुंदीच्या मधोमध कनेक्टर, त्याला आत तांब्याची उभी तार, 5 सेंमीपेक्षा किंचित जास्त, कारण 1420.4 मेगाहर्ट्झची लहर 21 सेंमीची आणि तार तिच्या पाव. पण मागच्या भिंतीपासून तार 7 सेंमीवर ठेवायची, इथं बरेच जण पाव म्हणून परत 5 च धरतात आणि मग सिग्नल का येत नाही म्हणून डोकं खातात. डब्याच्या आत लहर लांबते हो, आणि डबा जितका अरुंद तितकं हे अंतर वाढतं.

आता पैसे. माझं स्पष्ट मत, अँटेना भंगारातून करा, डोंगल साधा एसडीआर (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घ्या, आणि उरलेले सगळे फिल्टर असलेल्या लो नॉइज ॲम्प्लिफायरवर, म्हणजे फारसा गोंगाट न वाढवता क्षीण सिग्नल मोठा करणाऱ्या डबीवर घाला. 900, 1800, 2100 मेगाहर्ट्झवर मोबाईल टॉवर ओरडत असतात, फिल्टर नसेल तर डोंगल तिथंच बधीर होतो. ॲम्प्लिफायर अँटेनाच्या कनेक्टरलाच लावायचा, केबल त्याच्यानंतर, लॅपटॉपजवळ लावलात तर निम्मा फायदा गेला. आणि स्क्रीनवर बारीक सुळका शोधत बसू नका, काही मिनिटांची सरासरी घेतल्यावर पसरट फुगवटा दिसतो, कारण सगळा वायू एकाच वेगानं पळत नसतो, आणि वायू आपल्याकडं येतोय की दूर जातोय त्याप्रमाणं त्याची फ्रिक्वेन्सी सरकते, सेकंदाला 1 किमी वेगाला साधारण 4.7 किलोहर्ट्झ.

प्रश्न: गच्चीवर बंद पडलेली डीटीएचची छत्री आहे, ती चालेल का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर: हायड्रोजनला नाही, 60 सेंमीची छत्री म्हणजे 21 सेंमीच्या जेमतेम तीन लहरी, तिच्यापेक्षा पुठ्ठा बरा. पण एलएनबी (छत्रीसमोरची सिग्नल झेलणारी डबी) आणि स्वस्तातला सॅटेलाईट फाइंडर (सिग्नलचा जोर काट्यानं दाखवणारा मीटर) लावून ती सूर्याकडं फिरवा, काटा छान चढतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास दिवसा काही मिनिटं टीव्हीचं चित्र जातं ना, ते सूर्य बरोबर सॅटेलाईटच्या मागं आल्यामुळंच. मोठी डिश करायची तर कोंबड्यांची जाळी घ्या, भोकं 2 सेंमीपेक्षा लहान असली की झालं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या डिशेससुद्धा जाळीच्याच आहेत.

प्रश्न: पावसाळ्यात दुर्बीण चार महिने पेटीत जाते, रेडिओचं काय? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: 21 सेंमीला ढग आडवे येत नाहीत, दिवसासुद्धा चालतं. हॉर्न सरळ डोक्यावर तोंड करून ठेवा, आपल्या अक्षांशावर आकाशगंगा 24 तासांत दोनदा वरून जाते, लॅपटॉप नोंद करत राहील. फक्त तोंडावर प्लॅस्टिकचा कागद ताणून बांधा आणि जरा तिरका, पाणी साचायला नको. हार्वर्डच्या त्या हॉर्नचंही पावसात नरसाळं होऊन पाणी लॅबमध्ये यायचं. शिवाय पुठ्ठा भिजला की संपला, कोकणात असाल तर सरळ थर्माकोल किंवा पीव्हीसी शीट घ्या.