करंट उतरला म्हणजे एन्झाइमनेच पेप्टाइड कापलं, असं धरू नका

तुमची अडचण मला अशी कळली: सोन्याच्या इलेक्ट्रोडवर पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) बसवलंय, त्याच्या मोकळ्या टोकाला मेथिलीन ब्लू, म्हणजे इलेक्ट्रोडशी इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करणारा रंग. एमएमपी-९ या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमने पेप्टाइड कापलं की रंग निसटतो आणि करंट उतरतो. बफरमध्ये हे सुरेख चालतं, पण सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) एन्झाइम न घालताही करंट जवळजवळ तेवढाच उतरतो. तर सेन्सर टाकून द्यावा का?

अजिबात टाकू नका. सीरमच्या एका लिटरमध्ये ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं असतात. ती सोन्यावर चिकटून बसतात आणि रंगाला पृष्ठभागापर्यंत पोचू देत नाहीत. पेप्टाइड शाबूत, तरी करंट खाली.

म्हणून शेजारी दुसरा इलेक्ट्रोड हवाच. पेप्टाइडचा क्रम तोच, पण डी-अमिनो आम्लांचा, म्हणजे नेहमीच्या अमिनो आम्लांच्या आरशातल्या प्रतिमांचा. प्रथिनं त्यावरही साधारण तशीच चिकटतील, कापणं मात्र एन्झाइमला जमणार नाही. दोन इलेक्ट्रोडमधला फरक तेवढा धरा. मग त्याच नमुन्यात फेनँथ्रोलीन घाला. ते एन्झाइमचं झिंक पकडतं. फरक मिटला तर कापणारं एन्झाइम झिंकवालं. उरला, तर प्लाझ्मिनसारखं झिंक न लागणारं दुसरंच एन्झाइम कापतंय. आणि त्याच कुळातलं एमएमपी-२ सुद्धा बहुतेक हेच पेप्टाइड कापेल, तेव्हा निष्कर्षात एकट्या ९ चं नाव घेताना जपून.

शेवटच्या आकड्यापेक्षा उताराचा वेग बघा. चिकटणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मंदावतं. कापणं चालू राहतं. इलेक्ट्रोड आधी अल्ब्युमिनमध्ये भिजवून, करंट स्थिरावल्यावर पहिलं रीडिंग घेतलंत तर हे जास्त स्वच्छ दिसेल.

आता नळीबद्दल, कारण इथे माझे चार महिने गेले. आमच्याकडे नमुने जांभळ्या टोपणाच्या नळ्यांतून यायचे. त्यांत ईडीटीए असतं. रक्त गोठू नये म्हणून ते कॅल्शियम ओढून घेतं, पण एमएमपीलाही कॅल्शियम लागतं आणि झिंकही, आणि ईडीटीए दोन्ही पकडतं. मी पेप्टाइड बदललं, इलेक्ट्रोड बदलले. एन्झाइम नळीतच निकामी झालेलं होतं. सायट्रेटच्या नळीतही कॅल्शियम अडकतं. सीरमची अडचण उलटी: रक्त गोठताना पेशींमधून एमएमपी-९ बाहेर पडतं, त्यामुळे आकडा फुगतो. हिरव्या टोपणाची, हेपॅरिनची नळी मागा आणि प्लाझ्मा लवकर वेगळा करा.

एवढं करूनही रुग्णाच्या नमुन्यात एलायझा (अँटिबॉडीने रेणू पकडून मोजणारी चाचणी) भरपूर एमएमपी-९ दाखवेल आणि तुमचा सेन्सर जवळपास काहीच नाही. घाबरू नका, दोन्ही बरोबर असू शकतात. रक्तातलं बरंचसं एमएमपी-९ हे ९२ किलोडाल्टनच्या सुप्त रूपात असतं, आणि जे जागं होतं त्याला टिम्प-१ किंवा अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन ही रक्तातली प्रथिनं धरून ठेवतात. एलायझा रेणू मोजते, तुम्ही त्यांचं काम मोजताय. प्रोस्टेटच्या पीएसएचंही असंच: तेही प्रथिनं कापणारं एन्झाइम, पण रक्तात बहुतांश बांधलेलं, म्हणून दवाखान्यातली तपासणी त्याचं प्रमाण मोजते. क्रियाशीलता मोजण्याची धडपड मला मोलाची वाटते ती याचसाठी.

खात्रीसाठी त्याच प्लाझ्माची जिलेटिन झायमोग्राफी करा, म्हणजे जिलेटिन असलेल्या जेलमध्ये प्रथिनं आकारानुसार वेगळी करून एन्झाइमने जिलेटिन कुठे कापलं ते पाहा. तिथे सुप्त रूपही पट्टा दाखवतं, हे लक्षात ठेवून ९२ च्या खाली, ८२ च्या आसपास पट्टा आहे का ते पाहा. तो नसेल, तर सेन्सरचं शून्य खरं असण्याची शक्यता मोठी.