सौदी अरेबियाला प्रथमच निघताना

सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१९ मध्ये सामान्य पर्यटकांना व्हिसा देण्यास सुरुवात केली आणि तेथील नियम अजूनही बदलत असतात, म्हणून दादरच्या एखाद्या परिचिताचा चार वर्षांपूर्वीचा अनुभव तुम्ही प्रमाण मानू नये. अल-उला शहराजवळील हेग्रा हे प्राचीन स्थळ अवश्य पाहावे; जॉर्डनमधील पेत्रा हे प्राचीन नगर घडवणाऱ्या नबाती लोकांनीच वालुकाश्मात कोरलेली शंभराहून अधिक थडगी तेथे आहेत, परंतु प्रवेश ठरवून दिलेल्या सहलीतूनच मिळत असल्याने तिकीट मुंबईतूनच काढावे. फराळाचा डबा नेणार असाल, तर अनारसे मात्र घरीच ठेवावेत, कारण खसखस नेण्यास तेथे सक्त बंदी आहे (चकली खुशाल न्यावी). साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी व शनिवारी असते.