बी-12 जीवनसत्त्व 140 आणि हिमोग्लोबिन 10.8 आलंय. एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 6.0 आलं म्हणून भातही सोडलाय. घरचं दूध असूनही असं कसं? गोळ्या-इंजेक्शन न घेता फक्त आहाराने भरून निघेल का?

नाही निघणार. 140 असताना आधी डॉक्टर सांगतील ती गोळी किंवा इंजेक्शन घ्या, आहाराचं मागून पाहू. खरं म्हणजे मी उत्तर लिहायला बसले ते तुमच्या "घरचं दूध असूनही" या तीन शब्दांसाठी.

आमच्याही घरी दूध होतं. दारव्ह्याकडचं गाव, दोन म्हशी, घर महानुभाव पंथाचं, शाकाहारी, म्हणून अंड्याचं नाव नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं हिमोग्लोबिन 8.6 आलं. लाल गोळ्या संपवल्या, मेडिकलमधून लोहाचं टॉनिक आणलं, बीट किसून खाल्लं, आंबाडीची भाजी लोखंडी कढईत शिजवली. वर्षभरानं 8.4. भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, माझ्याशी थेट बोलत नाहीत. ते आत्याबाईंकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे, पाहून म्हणाले, "घरात दुधादह्याची कमी नाही, अन् हिले रक्त नाही म्हन्ते. खातच नसन. नखरे हायत."

त्याच हंगामात कापूस वेचताना जाऊबाईंनी मागून हाक मारली, "काऊन वं, एकच चप्पल घालून आली का?" खाली पाहिलं तर डावी चप्पल कुठं निघून पडली त्याचा पत्ता नव्हता. तळव्यात बाभळीचा काटा अर्धा घुसलेला, भोवती रक्तानं माती काळी झालेली. आणि मला काहीच दुखत नव्हतं.

यवतमाळच्या डॉक्टरांनी दोन टोकांचा एक धातूचा चिमटा ठोकून घोट्यावर टेकवला. "थरथर जाणवते?" नव्हती जाणवत. मग त्यांनी माझे जुने तीन रिपोर्ट टेबलावर पसरले आणि तिन्हींत एकाच ओळीवर बोट ठेवलं. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, 112, शेजारी 'एच' (हाय, म्हणजे जास्त) छापलेलं. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान होतात, एमसीव्ही 80 च्या खाली जातो. माझ्या पेशी फुगून 100 च्या वर गेल्या होत्या. दोन वर्षं सगळ्यांनी फक्त हिमोग्लोबिनचा आकडा पाहिला होता. मीही. बी-12 तपासलं तर 98.

"दूध किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं. मी "सहा लिटर निघतं" म्हणाले आणि गप्प झाले. सकाळी साडेसहाला कॅन संकलन केंद्रावर. उरलेलं लेकरांना आणि पुरुषांच्या चहाला. दही त्यांनाच. आम्हा बायकांना पाण्यासारखं ताक आणि कोरा चहा. रोज साधारण 2.2 मायक्रोग्रॅम बी-12 लागतं, शंभर मिली दुधात जेमतेम अर्धा मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे माणशी अर्धा लिटर झालं. माझ्या वाट्याला छटाकभरही येत नव्हतं. तुमच्या घरात कोण किती पितं ते चार दिवस मोजा, मग घरच्या दुधाचं सांगा.

इंजेक्शनं सुरू झाली. औषध लालभडक असतं. "आता रक्तच भरून राह्यले का?" हे भासऱ्यांचं, अर्थात आत्याबाईंना. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन 11.6. पायाच्या मुंग्या जायला मात्र वर्ष लागलं, आणि डाव्या अंगठ्याला अजूनही पूर्ण जाणीव नाही.

आंबील, मोड आलेली मटकी, स्पिरुलिना यांनी बी-12 वाढतं असं सांगणारे भेटतील. नाही वाढत. शाकाहाऱ्यासाठी दूध, दही, पनीर, नाहीतर गोळी. बीट लाल आहे, एवढंच त्याचं कर्तृत्व.

हां, राहिलंच. बी-12 कमी असताना नुसती फॉलिक अॅसिडची गोळी खात बसू नका. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसा आतून खराब होत राहतात. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, तीही करून घ्या, कारण लोह आणि बी-12 दोन्ही कमी असेल तर एमसीव्ही मधेच कुठंतरी सरळ दिसतो. एचबीए1सी 6.0 आलं म्हणून भात सोडलाय असं लिहिलंय तुम्ही. रक्त कमी असताना तो आकडा फसवतो. आपल्या भागात सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) आहे, त्यातही फसवतो. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहा, सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर तीही करा. भरपूर दूध पिऊनही बी-12 कमी असेल तर पोटात शोषलंच जात नसेल, ते डॉक्टर पाहतील.

भासऱ्यांना आठ वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-12 घटू शकतं. मागच्या पोळ्याला पायाला मुंग्या येतात म्हणून त्यांनी तपासलं, 165 निघालं. रिपोर्ट आत्याबाईंच्या हातात देऊन म्हणाले, "तिले दाखवा, तिले समजते." मी ती ओळ पेनानं गोल केली आणि कागद आत्याबाईंकडेच परत दिला. आता त्यांनाही लाल इंजेक्शनं चालू आहेत. कॅन भरायच्या आधी दोन लिटर मी बाजूला काढते, घरातल्या बायकांचे. संकलन केंद्रावरचा पोरगा अजून विचारतो, म्हैस आटली का म्हणून.