वाचकांचे प्रश्न: हरणाच्या शिकारीत मोजायचा तो पहिलाच बाण

प्रश्न (ऐरोली): मावसभाऊ अमेरिकेत ओहायोला असतो. नोव्हेंबरमध्ये त्याच्याबरोबर धनुष्याने हरणाच्या शिकारीला जायचे आहे. माझ्याकडे कंपाउंड (टोकांना चाके असलेले) धनुष्य आहे, रेंजवर नेम बरा बसतो. सहा महिन्यांत काय तयारी करू?

उत्तर: परवाना तुमच्या स्वतःच्या नावावर लागेल आणि पहिल्यांदा नेहमीचा परवाना घेणाऱ्याला शिकारीच्या प्रशिक्षणाचा दाखलाही द्यावा लागतो. तो अभ्यास आताच सुरू करा.

धनुष्याची ओढ, म्हणजे दोरी ताणायला लागणारा जोर, ओहायोत किमान ४० पौंड लागते. ५० पुरेशी होते. ती आपल्याला झेपते का, हे घरीच कळते. खुर्चीत बसा, दोन्ही पाय जमिनीपासून उचला आणि धनुष्य निशाण्याच्या रेषेत ठेवूनच दोरी ओढा. ओढताना धनुष्य वर उचलावे लागले, तर दोन-तीन पौंड कमी करा. जाड जाकिटात दोन तास गारठून बसल्यावर हीच ओढ जास्त जड जाते, आणि हात वर गेलेला हरणाला लगेच दिसतो. दोरी ओढलीत की बाणाशिवाय सोडू नका. धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा आणि टोकांची चाके (कॅम) तडकतात.

इनडोअर रेंजचे १८ मीटर म्हणजे जवळपास २० यार्ड, शिकारीतले नेहमीचे अंतर. हरणाचे हृदय आणि फुफ्फुसे मिळून साधारण २० सेंमीच्या कागदी ताटलीएवढी जागा होते. दहाच्या दहा बाण ताटलीत बसतात ते तुमचे कमाल अंतर, मग ते १५ मीटर का असेना.

खरी गोम पुढे आहे. तीस बाणांनंतर अंग मोकळे होऊन नेम बसतो, पण जंगलात सुरुवातीचे एकोणतीस बाण मिळत नाहीत. म्हणून दररोजचा पहिला बाण, अंग न तापवता मारलेला, वहीत वेगळा नोंदवा. महिनाभर तो ताटलीत बसला, तरच तयारी झाली म्हणा.

ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचे धारदार पात्यांचे टोक, सरावाच्या टोकाएवढ्याच वजनाचे, म्हणजे १०० ग्रेनचे घेतले, तरी उडते वेगळे. त्याच्या पात्यांवर वारा बसतो. बाण ठेवायची रेस्ट किंचित तिरकी असली की बाण बाजूला पडतो. ओहायोत पोचताच फोमच्या निशाण्यावर हे तपासा आणि शिकारीला नवी, न वापरलेली पाती लावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात दोरीला मेण आणि स्क्रूंना तेलाचा हात हवाच. सोसायटीच्या गच्चीवर सराव मात्र कधीही करू नका: निशाणा चुकलेला बाण शेजारच्या इमारतीपर्यंत जातो.

प्रश्न (वाशी): येऊरकडे चितळ, सांबर असतात म्हणे. सराव म्हणून तिथे चालेल का?

उत्तर: अजिबात नाही. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ नुसार शिकारीला देशभर बंदी आहे. तिथे दुर्बीण घेऊन जा, वनखात्याचे नियम पाळा आणि हरिण कान कुठे वळवते, वारा फिरला की काय करते, ते बघा. हा अभ्यास अमेरिकेतही कामाला येईल.

प्रश्न (ठाणे पश्चिम): झाडावरच्या मचाणावरून बाण मारताना नेम का चुकतो? आणि जखमी हरिण शोधायचे कसे?

उत्तर: वरून मारताना नुसता हात खाली नेला की खांद्याची ठेवण मोडते. आधी समोर सरळ धरून दोरी ओढा, मग कमरेतून वाका. झाडाच्या अगदी बुंध्याशी आलेल्या हरणावर कोन इतका उभा होतो की एकच फुफ्फुस सापडते. ते थोडे दूर जाईस्तोवर थांबा. हरिण आडवे किंवा किंचित पाठमोरे असावे. तोंड तुमच्याकडे असेल तर बाण सोडू नका. चढण्यापासून उतरेपर्यंत हार्नेस (झाडाला बांधून घ्यायचा सुरक्षा पट्टा) अंगावर असू द्या, आणि मचाण हरणांच्या वाटेपासून वाऱ्याच्या खालच्या अंगाला बांधा, म्हणजे तुमचा वास त्यांच्याकडे जात नाही.

बाण लागला की लगेच धावू नका. गुलाबी, फेसाळ रक्त फुफ्फुसाचे: अर्धा तास थांबा. गडद लाल बहुधा यकृताचे, तिथे तीन-चार तास. हिरवट, दुर्गंधीचा द्रव म्हणजे पोटात लागला. आठ तास तरी जाऊ द्यावेत. घाईने मागे लागलात तर जिथे आडवे होऊन शांतपणे मेले असते तिथून ते उठते, दूर पळते आणि पुढचा रक्ताचा मागच तुटतो. शेवटचे रक्त दिसले तिथे झाडाला फीत बांधा आणि तिथूनच पुढे शोधा.