कोरा सापळा काय सांगतो?

प्रश्न : नमस्कार ताई. नाशिक परिसरात कोणते पतंग कुठे सापडतात याची नोंदवही करतोय. कृषी सेवा केंद्रातून घाटेअळीचा आणि टोमॅटोवरच्या नागअळीचा असे दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाची ल्यूर, म्हणजे आमिष, लावून पतंग पकडणारे) आणून गच्चीच्या कठड्याला बांधले. घाटेअळीच्या सापळ्यात पतंग पडतात, नागअळीचा कोराच. मग आमच्याकडे नागअळी नाही असं लिहू का? आणि ॲटलास या भल्यामोठ्या रानपतंगाची ल्यूर कुठे मिळेल?
— एक वाचक, मखमलाबाद

उत्तर : नाही, तसं लिहू नका! नागअळीचा पतंग जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचा, करड्या रंगाचा, आणि उडतो पिकाच्या बुडख्याशी. त्याला तुमच्या गच्चीवर काय काम? सापळा टोमॅटोच्या सरीत, जमिनीपासून हातभर उंचीवर लावा. शेजारच्या मळेवाल्याला विचारा, तो नाही म्हणणार नाही. ही कीड भारतात २०१४ मध्ये पहिल्यांदा महाराष्ट्रातच नोंदली गेली आणि टोमॅटोवाले तिला चांगलेच ओळखून आहेत. तिथे गेलात की पानंही उलटून पाहा. पानाच्या दोन पापुद्र्यांमधलं हिरवं खाऊन अळीने पांढुरके फुगीर चट्टे पाडलेले दिसले, तर सापळा कोरा असला तरी नोंद पक्की.

घाटेअळीचं नेमकं उलटं. हा पतंग दांडगा उडणारा, वाऱ्यावर एका रात्रीत कित्येक किलोमीटर जातो. शिवाय ल्यूरला मादीचा वास, म्हणून येतो तो फक्त नर. तेव्हा तो गच्चीवर पडला म्हणून मखमलाबादचाच, असं मानू नका. हरभऱ्याच्या घाट्यात किंवा टोमॅटोत अळी सापडली तरच ‘इथे वाढतो’ असं लिहा, नाहीतर ‘इथे आला’ एवढंच. सापळ्यात भलताही पतंग पडतो, म्हणून प्रत्येकाचे पंख पाहा. घाटेअळीच्या पुढच्या पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा गडद ठिपका असतो आणि मागच्या फिकट पंखाच्या कडेला रुंद काळपट पट्टा.

दोन्ही ल्यूर एकाच हाताने बसवल्या असतील, तर तीही गडबड. बोटांना लागलेला वास दुसऱ्या सापळ्यात जातो, म्हणून प्रत्येकीला वेगळा चिमटा. जास्तीच्या ल्यूर फ्रीजमध्ये, बंद पाकिटात. घरच्यांची बोलणी खावी लागतील, इलाज नाही. लावलेली ल्यूर काही आठवड्यांत उतरते; पाकिटावरची मुदत पाळा आणि बदलल्याची तारीख वहीत टाका. नाहीतर ल्यूर शिळी झाली होती, की पतंगच कमी झाले होते, हे नंतर कळायचं नाही. आणि कोऱ्या रात्रीही लिहा, सापळ्याची जागा, उंची आणि जवळच्या पिकासकट.

दुकानात ल्यूर मिळतात त्या पिकांवरच्या किडींच्या. ॲटलासची तिथे मिळणार नाही. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे पावसाळ्यात पांढरी चादर आणि दिवा घेऊन बसा. बाकीच्या शेकडो जातींसाठीही हाच मार्ग. कोष सापडला आणि त्यातून मादी निघाली, तर मात्र तीच ल्यूर. जाळीच्या पिंजऱ्यात, सापडली त्याच जागी, एक रात्र ठेवा. आसपास नर असले तर वासावर येतील. सकाळी तिला सोडून द्या. ॲटलासच्या प्रौढाला खाण्याजोगं तोंड नसतं, उणापुरा आठवडा-दीड आठवडा जगतो. दुसरी रात्र अडवू नका.