ऑपरेशन नीट झालं, आता हे ऋण फेडू कसं?

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पुन्हा चालतं-फिरतं करणं हे फिजिओथेरपिस्ट म्हणून माझं रोजचं काम. या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांत दुखण्यापेक्षा कृतज्ञताच जास्त आहे. आपलं माणूस वाचलं, आता काय करू, असं तुम्ही विचारता आहात.

प्रश्न : बाबांची बायपास होऊन सहा आठवडे झाले. ते थिएटरमध्ये असताना आई सप्तशृंगीला नवस बोलली, ‘यांना घेऊन दर्शनाला येईन.’ आता तिला धीर निघत नाही. नेऊ का?

आईंची घाई मला कळते. थिएटरबाहेरच्या बाकावर चार-पाच तास काढलेल्या बाईला न फेडलेला नवस झोपू देत नाही. पण बाबांच्या छातीचं हाड मधोमध कापून तारांनी बांधलेलं आहे. ते पक्कं सांधायला साधारण तीन महिने लागतात. बायपाससाठी पायातली शीर काढली असेल, तर तो पायही संध्याकाळी सुजत असेल. म्हणून अजून दीड महिना थांबा, आणि मग सर्जनना विचारून निघा. गाडी गडावरच्या गावापर्यंत जाते. तिथून वर पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, पण आता ट्रॉलीचीही सोय आहे. आईंना हौस असेल तर त्यांनी पायऱ्या चढाव्यात, बाबांना ट्रॉलीने वर न्या. देवीपुढे दोघं शेजारी शेजारी उभे राहिले, की नवस फिटला. वाटेत तासा-दीड तासाने गाडी थांबवून त्यांना चार पावलं चालवा. उपवासापायी त्यांची एकही गोळी चुकवू नका.

प्रश्न : काकांना चार बाटल्या रक्त लागलं. ज्यांनी दिलं त्यांची नावं रक्तपेढी सांगत नाही. आभार कसे मानायचे?

नाव सांगत नाहीत, हा नियम योग्यच आहे. तुम्ही रक्त द्या. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन किमान 12.5 असेल, तर पुरुषांना दर तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना दर चार महिन्यांनी देता येतं. पुतणे-पुतण्या मिळून जा. दान केलेल्या लाल पेशी फार तर सहा आठवडे टिकतात, त्यामुळे रक्तपेढीला वर्षभर माणसं लागतात.

प्रश्न : आई गेल्यावर आत्याने मला वाढवलं. दोन महिन्यांपूर्वी तिच्या हृदयाची झडप बदलली. ती वाचली म्हणून आम्ही घरी पूजा घातली, सगळ्यांना जेवायला बोलावलं. ती मात्र कोपऱ्यात बसून रडते, म्हणते, ‘कशाला वाचवलंत?’ आमचं काही चुकलं का?

तुमच्या प्रेमात काही चुकलेलं नाही. पण तुमच्यासाठी संकट टळलं ते ऑपरेशनच्या दिवशी. आत्यांसाठी ते अजून चालू आहे. छाती धडधडली की त्या दचकत असतील, कुशीवर वळायची भीती वाटत असेल, आंघोळीला दुसऱ्याचा हात लागत असेल. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच रुग्णांना उदासी येते, आणि ती औषधांनी, समुपदेशनाने बरी होते.

माझ्या मावशीच्या बायपासनंतर आम्हीही हेच केलं. येणाऱ्या प्रत्येकाला ‘अगदी देवाच्या दारातून परत आली’ म्हणून सांगत होतो. ती उशी छातीशी घट्ट धरून खोकत होती आणि ऐकत होती. एका संध्याकाळी म्हणाली, ‘मला आल्यागेल्याला दाखवायला ठेवलंय का गं?’ मी हेच काम करणारी बाई, आणि मलाही ते दिसलं नव्हतं! दुसऱ्या दिवशी मी तिच्यापुढे लसणाची परडी ठेवली. पाकळ्या सोलता सोलता ती पहिल्यांदा ऑपरेशन सोडून दुसऱ्या विषयावर बोलली.

आत्यांना वाचल्याचा आनंद मानायला लावू नका. भाजी निवडणं, वाटाणे सोलणं, घरातला एखादा निर्णय, जे त्यांचं होतं ते त्यांना परत द्या. जड भांडं, भरलेली कळशी मात्र डॉक्टरांनी सांगेपर्यंत नको. सकाळी त्यांच्याबरोबर चाला, आणि बोलायचा आग्रह करू नका. रडणं, झोप उडणं, जेवण नकोसं होणं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘कशाला वाचवलंत’ हे मात्र त्रागा समजून सोडून देऊ नका. आजच त्यांना शांतपणे, स्पष्ट विचारा, ‘आत्या, जगू नये असं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : वहिनीने दादाला किडनी दिली. दादा ठणठणीत आहे. वहिनीला साडी घ्यावी की दागिना?

जे घ्याल ते प्रेमाने घ्या. पण तिची तपासणी शेवटची कधी झाली? किडनी देणाऱ्याने वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी) आणि लघवीतली प्रथिनं तपासायची असतात. घरात सगळ्यांचं लक्ष दादाच्या गोळ्यांकडे असतं आणि वहिनीची तारीख राहून जाते. डोकं दुखलं, कंबर धरली, की ती मनाने वेदनाशामक गोळी घेत असेल तर थांबवा. त्यांतल्या बऱ्याच गोळ्या किडनीला त्रासाच्या असतात. दादाला म्हणावं, दरवर्षी तिची तपासणीची वेळ तू स्वतः घे, आणि त्या दिवशी सुट्टी काढून तिच्याबरोबर जा. सकाळचा डबा, मुलांची शाळा तेवढ्यापुरती तुम्ही सांभाळा.